तीन कोटेशनं

मकरपुऱ्याला, जीआयडीसीत, आमचा व्हॉल्व्हचा कारखाना
आणि मी परचेसला.
वॉशरपासून क्रेनपर्यंत
तीन कोटेशनांशिवाय माझी सही होत नाही.

हेमांगभाई म्हणाले, चौबळबेन, वेबसाइट नवी होतेय,
स्टाफचे फोटो काढायचेत, एकतीस जणांचे,
सगळे सारखे दिसायला हवेत.
सारखे म्हणजे?
म्हणजे एकाच भिंतीपुढचे, ते म्हणाले,
आणि फोनवर कुणाशी तरी गुजरातीत भांडू लागले.

पहिलं कोटेशन रावपुऱ्यातलं: वापरलेला कॅमेरा,
पन्नासची लेन्स, जादा बॅटरी धरून बेचाळीस हजार.
दुकानदारानं तो माझ्या गळ्यात अडकवला
आणि बाजूला होऊन असा पाहत राहिला
जणू मुलगी सासरी निघालीय.
दुसरं, साहेबांचा फोन. पाठीला तीन डोळे. दर शून्य.
तिसरं, माझाच. काचेला तडा,
आयुष्यभर चलनांचे आणि तुटलेल्या खोक्यांचे फोटो काढलेला.

ट्रायल पॅकिंगच्या पांढऱ्या भिंतीशी, साडेदहाला,
छपरातल्या फायबरच्या पत्र्यातून
ताकासारखा पातळ उजेड उतरतो तेव्हा.

तरलिकाबेन आधी केस नीट करून आल्या, मग परत गेल्या,
मग टिकली बदलून आल्या.
लेथवरचा इर्शाद मणियार श्वास रोखून उभा राहिला,
त्याला वाटलं एक्स-रे आहे.
हातभर अंतरावरून फोन धरला
की नाक सगळ्यांच्या आधी हजर
आणि कान मागे, लेटमार्क लागल्यासारखे.
आठ फूट मागे सरकले तेव्हा कुठे
माणसं आपापल्या मापात आली.
हे कुठल्याच कोटेशनात लिहिलेलं नव्हतं.

मग फाउंड्रीतून रतनसिंह पढियार आले,
हात लुगदीनं पुसत.
डाव्या गालावर, डोळ्याच्या खाली,
वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब
कधीकाळी बसून उठून गेलाय, त्याची जागा.

कॅमेऱ्यात ती होती.
माझ्या फोनमध्ये तड्याच्या शेजारी होती,
त्यांनी अंगठ्यानं काच घासून पाहिली.
साहेबांच्या फोनमध्ये नव्हतीच.
विचारलं नाही, सांगितलं नाही,
गाल लोण्यासारखा.

रतनसिंहांनी तो फोन हातात घेतला, लांब धरला,
जवळ आणला.
आ तो मारो नानो भाई, म्हणाले,
फाउंड्रीत आलाच नाही तो.
थोड्या वेळानं म्हणाले, हा मला पाठवा,
बाला दाखवीन.
तिथे मात्र माझा टाका,
नाहीतर पार्टी आली की गेटवर मला ओळखायची नाही.

संध्याकाळी नोट लिहायला बसले.
सर्वांत कमी दर नाकारायचा तर
कारणाचा रकाना भरावा लागतो,
ऑडिट त्याच रकान्यावर बोट ठेवतं.
मला आठवलं, मागच्या दिवाळीआधी
एका सप्लायरचा लॉट आपण परत पाठवला होता,
कास्टिंगच्या भोकात पुट्टी भरून
वरून रंग मारलेला.
तेव्हाचंच वाक्य उतरवलं: पृष्ठभाग मूळ नाही, सबब परत.
हेमांगभाईंनी वाचलं, डोकं खाजवलं,
चालशे, म्हणाले, आणि सही केली.

एकतिसावा फोटो माझा. काढणार कोण?
रतनसिंहांनीच काढला,
भट्टीत डोकावताना निळी काच धरतात तसा
कॅमेरा डोळ्याला लावून,
एवढा वेळ की मला हसू आलं,
आणि हसल्यावर येतात त्या सगळ्या रेषा आल्या.
साइटवर तोच आहे.

त्याआधी, जेवणाच्या सुट्टीत,
साहेबांचा फोन टेबलावर होता
आणि पॅकिंगमध्ये कुणी नव्हतं,
तेव्हा मीही एकदा त्या भिंतीशी उभी राहिले होते.
ती प्रत
फाइलला लावलेली नाही.